साठी, बुद्धी आणि नाठी: म्हातारपण मोजून पाहणारे मुंबईचे डॉ. दाराब दस्तूर

१/
'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. मुरबाड-शहापूरच्या गावांत त्याच अर्थाचा आणखी एक शब्द कानी पडतो : म्हातारचळ. आजोबा नातवाला स्वतःच्या भावाच्या नावाने हाक मारू लागले, आजी ताट उचलल्यावर दहा मिनिटांतच 'मला कोणी वाढलेच नाही' म्हणू लागली, की घरचे हा शब्द उच्चारतात आणि विषय तिथेच मिटतो.

२/
या एका शब्दात एक पूर्ण सिद्धान्त दडलेला आहे. पिकले पान गळते, तशी वयाबरोबर बुद्धीही गळते; त्याला इलाज नाही आणि म्हणून तपासणीही नको. गंमत म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकशास्त्राचेही मत यापेक्षा फार वेगळे नव्हते. हा समज प्रत्यक्ष मोजमाप करून तपासणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत मुंबईचे एक नाव आहे : डॉ. दाराब के. दस्तूर. आजचा धागा त्यांच्या कारकिर्दीवर.

३/
प्रथम पार्श्वभूमी. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी जर्मनीतील फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिची स्मृती ढासळत चालली होती. तिची तपासणी आलॉइस अल्झायमर या डॉक्टरांनी केली. ८ एप्रिल १९०६ रोजी तिचे निधन झाले. तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना अल्झायमर यांना दोन गोष्टी आढळल्या : पेशींच्या आत गुंतलेले धागे आणि पेशींच्या बाहेर साचलेले थर. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगन येथील सभेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले.

४/
१९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या मानसोपचाराच्या पाठ्यपुस्तकात या विकाराला अल्झायमरचे नाव दिले. मात्र त्यातून एक विचित्र सीमारेषा निर्माण झाली. ऐन मध्यमवयात स्मृती गेली तर तो 'अल्झायमरचा आजार', दुर्मीळ आणि अभ्यासण्याजोगा. तीच अवस्था सत्तरीत आली तर ते 'वार्धक्यजन्य बुद्धिभ्रंश'. त्याचे खापर बहुधा कडक झालेल्या रक्तवाहिन्यांवर किंवा सरळ वयावर फोडले जाई.

५/
परिणामी जगातले बहुसंख्य रुग्ण या सीमारेषेच्या चुकीच्या बाजूला पडले. ज्याला आजार म्हणायचेच नाही, त्यावर संशोधन कोण करणार? पैसा कोण देणार? आपल्याकडचा 'म्हातारचळ' आणि युरोपीय ग्रंथांतला 'वार्धक्यजन्य बुद्धिभ्रंश' हे शब्द निरनिराळ्या भाषांतले असले तरी दोघांचे काम एकच होते : चौकशी थांबवणे.

६/
आता मुंबईकडे येऊ. मुरबाडहून एसटीने कल्याण आणि तिथून लोकलने भायखळा गाठले, की जवळच जे. जे. रुग्णालय लागते. ठाणे जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून मोठ्या आजारासाठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या तिथे जात आली आहेत. १८४५ मध्ये सुरू झालेले हे रुग्णालय आणि त्याच वर्षीचे ग्रँट मेडिकल कॉलेज, हीच दस्तूर यांची कर्मभूमी. तिथल्या न्यूरोपॅथॉलॉजी विभागात त्यांनी आयुष्यातील मोठा काळ काम केले.

७/
न्यूरोपॅथॉलॉजी म्हणजे मेंदू, मज्जारज्जू आणि नसा यांत रोगामुळे घडणाऱ्या बदलांचा अभ्यास. रुग्णाच्या शरीरातून काढलेला नसेचा तुकडा किंवा मृत्यूनंतर तपासायला आलेला मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि दिसणाऱ्या बदलांची सांगड त्या माणसाच्या लक्षणांशी घालायची, असे हे चिकाटीचे शास्त्र आहे. दस्तूर यांनी आरंभी कुष्ठरोगात त्वचेतील नसांचे काय होते याचा अभ्यास केला. तो १९५५ मध्ये 'ब्रेन' या इंग्लंडमधील ख्यातनाम नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

८/
त्याच दशकात ते अमेरिकेत गेले. वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत तेव्हा सीमोर केटी आणि लुई सोकोलॉफ हे शास्त्रज्ञ काम करत होते. केटी यांनी कार्ल श्मिट यांच्या साथीने १९४० च्या दशकात एक विलक्षण पद्धत विकसित केली होती. जिवंत, जाग्या माणसाच्या मेंदूतून दर मिनिटाला किती रक्त वाहते, हे तिच्यामुळे प्रथमच मोजता येऊ लागले.

९/
पद्धत अशी. माणसाने सुमारे दहा मिनिटे नायट्रस ऑक्साइड, म्हणजे ज्याला 'हसवणारा वायू' म्हणतात तो, अल्प प्रमाणात हवेबरोबर श्वासात घ्यायचा. त्या वेळात धमनीतून मेंदूकडे जाणाऱ्या आणि मानेतील शिरेतून मेंदूबाहेर येणाऱ्या रक्ताचे नमुने पुन्हा पुन्हा काढायचे. दोन्हींतील वायूच्या प्रमाणात किती फरक आहे आणि तो किती वेगाने मिटतो, यावरून रक्तप्रवाहाचे गणित मांडता येते. निरोगी तरुणात हा आकडा मेंदूच्या दर १०० ग्रॅमला मिनिटाला सुमारे ५४ मिलिलिटर निघाला. त्याच नमुन्यांवरून मेंदूने किती प्राणवायू आणि किती ग्लुकोज वापरले, हेही कळे.

१०/
१९५६ मध्ये केटी यांनी तोवरच्या अनेक मोजण्या एकत्र करून वयाशी ताडून पाहिल्या. वय वाढते तसा मेंदूतील रक्तप्रवाह आणि प्राणवायूचा वापर घटतो, असे चित्र त्यातून उभे राहिले. 'साठी बुद्धी नाठी'ला जणू शास्त्रीय शिक्काच मिळाला. तरीही एक प्रश्न शिल्लक होता. या मोजण्यांत ज्यांना वृद्ध म्हणून धरले, ती माणसे कितपत निरोगी होती? घट दिसली ती वयाची की वयाबरोबर गुपचूप आलेल्या आजारांची?

११/
शेतकऱ्याला हा प्रश्न लगेच कळेल. जुन्या विहिरीचे पाणी खाली गेले म्हणून 'विहीर म्हातारी झाली' असे कोणी म्हणत नाही. झरा बुजला का, बांधकामाला भेग पडली का, वरच्या अंगाला कोणी बोअर मारली का, हे आधी पाहतात. वयाचा दोष ठरवायचा तर बाकीची कारणे वगळता आली पाहिजेत. त्यासाठी जुनी असूनही धड असलेली विहीर शोधावी लागते.

१२/
बेथेस्डातील संशोधकांनी नेमके हेच केले. ६५ आणि त्यापुढील वयाच्या ४७ पुरुषांची निवड झाली. हे सर्व समाजात स्वतंत्रपणे वावरणारे होते, रुग्णालयातले रुग्ण नव्हते. त्यांची शारीरिक, मानसिक, सामाजिक अशी सर्वांगीण तपासणी करून दोन गट पाडले गेले. पहिल्यात कसून शोधूनही आजार न सापडलेले. दुसऱ्यात वरवर ठणठणीत, पण तपासणीत रक्तवाहिन्या कडक होण्यासारखी काही चिन्हे आढळलेले. तुलनेसाठी विशीतले तरुण होते, तसेच बुद्धिभ्रंश झालेले वृद्ध रुग्णही होते.

१३/
१९६३ मध्ये हा अभ्यास 'ह्यूमन एजिंग' या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. मेंदूतील रक्तप्रवाहावरील प्रकरणाच्या लेखकांत केटी, सोकोलॉफ आणि तरुण मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांची नावे आहेत. त्या यादीत पहिले नाव आहे मुंबईच्या दाराब दस्तूर यांचे.

१४/
निष्कर्ष काय निघाला? पूर्ण निरोगी वृद्धांचे सरासरी वय सत्तरीच्या पुढे होते. त्यांच्यात आणि तरुणांत सुमारे पन्नास वर्षांचे अंतर होते. असे असूनही मेंदूतील रक्तप्रवाहात आणि प्राणवायूच्या वापरात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. ज्यांच्या रक्तवाहिन्यांत दोष सुरू झाला होता, त्यांचा रक्तप्रवाह मात्र घटला होता. बुद्धिभ्रंशाच्या रुग्णांत रक्तप्रवाह आणि प्राणवायूचा वापर दोन्ही खाली गेले होते.

१५/
याचा अर्थ नीट पाहू. मेंदू म्हातारा होणे आणि मेंदू आजारी होणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वय सर्वांनाच येते. स्मृतिभ्रंश सर्वांना येत नाही. ज्यांना येतो, त्यांच्या मेंदूत काहीतरी वेगळे घडलेले असते आणि ते शोधता येऊ शकते. आज हे विधान साधे वाटते. त्या काळी ते आकड्यांसह मांडणे ही मोठी गोष्ट होती.

१६/
या अभ्यासाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. त्यात एकही स्त्री नव्हती. सहभागींची संख्या लहान होती. पुढे अधिक सूक्ष्म यंत्रे आली, तेव्हा निरोगी माणसातही वयानुसार रक्तप्रवाह काही प्रमाणात घटतो, असे दिसून आले. पण निरोगी वार्धक्य आणि स्मृतिभ्रंश यांना वेगळे करणारी मूळ रेघ पुसली गेली नाही.

१७/
आणखी एक धागा इथून पुढे जातो. त्या निरोगी वृद्धांत एक फरक सापडलाच होता : ग्लुकोजचा वापर तरुणांपेक्षा कमी होता. मेंदूच्या निरनिराळ्या भागांत ग्लुकोज किती वापरले जाते हे मोजण्याची पद्धत सोकोलॉफ आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. आज अल्झायमरच्या निदानात साहाय्य करणारी पेट स्कॅनची तपासणी याच तत्त्वावर उभी आहे.

१८/
त्या चमूतील रॉबर्ट बटलर यांनी पुढे काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. म्हातारपणाविषयीच्या पूर्वग्रहाला त्यांनी १९६९ मध्ये 'एजिझम' हे नाव दिले. जातीवरून किंवा वर्णावरून भेद केला जातो, तसाच वयावरून केला जाणारा भेद, असा त्याचा अर्थ. पुढे ते अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेचे पहिले संचालक झाले आणि अल्झायमरच्या संशोधनाला त्यांनी तिथे अग्रक्रम दिला.

१९/
दरम्यान १९६८ मध्ये इंग्लंडातील न्यूकॅसल येथे ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी वृद्ध रुग्णांचे मेंदू तपासले. स्मृतिभ्रंश जितका तीव्र, तितके अल्झायमर यांनी वर्णिलेले थर अधिक, असा संबंध त्यांनी दाखवला. १९७६ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका गाजलेल्या संपादकीयात स्पष्ट लिहिले, की मध्यमवयातील अल्झायमर आणि वार्धक्यातील बुद्धिभ्रंश यांना वेगळे मानण्याचे कारण नाही. क्रेपेलिन यांच्या काळापासूनची सीमारेषा अशी साठ-पासष्ट वर्षांनी कोसळली.

२०/
दस्तूर मात्र तोवर कधीच मुंबईला परतले होते. इथले वास्तव वेगळे होते. जे. जे. मध्ये येणारे रुग्ण क्षय, कुपोषण, कुष्ठरोग घेऊन येत. बालरोगतज्ज्ञ पी. एम. उदानी यांच्यासमवेत त्यांनी मुलांच्या मेंदूवर क्षयरोग काय परिणाम करतो हे १९७० मध्ये मांडले. मेंदूविकारतज्ज्ञ नोशिर वाडिया यांच्यासमवेत मज्जारज्जूच्या आवरणांच्या दाहावर काम केले. वार्धक्याचा अभ्यास ही श्रीमंत देशाची चैन आणि क्षय ही आपली निकड, अशी वाटणी त्यांनी केली नाही. दोन्ही एकाच सूक्ष्मदर्शकाखाली आणले.

२१/
त्यांच्या कामातला सर्वांत चकित करणारा भाग प्रशांत महासागरातील ग्वाम बेटाशी जोडलेला आहे. तिथल्या चामोरो लोकांत एक विचित्र रोग मोठ्या प्रमाणावर आढळे. काहींचे स्नायू झिजत, काहींना कंपवातासारखी लक्षणे आणि स्मृतिभ्रंश होई. १९६१ मध्ये असाओ हिरानो आणि सहकाऱ्यांनी या रुग्णांच्या मेंदूचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात पेशींमधले धाग्यांचे गुंते होते. तेच, जे अल्झायमर यांनी ऑगस्ट डेटरच्या मेंदूत पाहिले होते.

२२/
एका लहान बेटावर इतके गुंते का? संशय एका झाडावर गेला : सायकस. त्याच्या विषारी बिया बराच वेळ पाण्यात भिजवून, धुऊन चामोरो लोक त्यांचे पीठ करत. नीट न धुतलेल्या पिठातील विष मेंदूला बाधत असेल का? हे तपासणाऱ्यांत दस्तूर होते. त्यांनी मुंबईत माकडांना सायकस खाऊ घालून प्रयोग केले. १९६४ मध्ये त्यावर लिहिले आणि १९९० मध्येही ते याच विषयावर लिहीत होते. सायकसचा वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. पण स्मृतिभ्रंशाची कारणे अन्नात आणि परिसरात शोधणे हा विचारच 'वयाचा धर्म' या कल्पनेला छेद देणारा होता.

२३/
ग्वामपेक्षा आपल्या घराच्या जवळचा अभ्यास १९७२ चा आहे. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दस्तूर, वाडिया आणि सहकाऱ्यांनी शाकाहार आणि धूम्रपान यांचा रक्तातील बी-१२ जीवनसत्त्वाशी काय संबंध आहे, हे मांडले. शाकाहारी व्यक्तींत बी-१२ चे प्रमाण कमी आढळले. हे जीवनसत्त्व फार घटले तर हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो आणि स्मृतीही मंदावू शकते. ही कमतरता वेळेवर ओळखली तर इंजेक्शनांनी भरून काढता येते. एका साध्या रक्ततपासणीने जे समजले असते, ते 'म्हातारचळ' म्हणून किती घरांत सोडून दिले गेले असेल!

२४/
१९८५ मध्ये दस्तूर पुन्हा आपल्या जुन्या प्रश्नाकडे वळले. मेंदूतील रक्तप्रवाह आणि चयापचय यांना वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात त्यांनी एक लेख लिहिला. विषय तीन अवस्थांची तुलना : सामान्य वार्धक्य, रोगग्रस्त वार्धक्य आणि वृद्धांचा स्मृतिभ्रंश. बेथेस्डातील अभ्यास प्रसिद्ध होऊन तेव्हा बावीस वर्षे झाली होती. मधल्या काळात अल्झायमर हा शब्द जगभर परिचित झाला होता. त्यांनी आरंभी काढलेली रेघ आता साऱ्या क्षेत्राची पायवाट बनली होती.

२५/
मग आपल्याकडे मोजणी कधी झाली? २००१ मध्ये वास, पिंटो आणि सहकाऱ्यांनी मुंबईतील मोठ्या लोकसंख्येची पाहणी प्रसिद्ध केली. ६५ वर्षे आणि त्यावरील व्यक्तींत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २.४४ टक्के आढळले आणि त्यांतही अल्झायमर हे सर्वांत मोठे कारण ठरले. शंभरातले सत्त्याण्णव ज्येष्ठ या आजारापासून दूर होते, ही त्याच आकड्याची दुसरी बाजू. 'साठी बुद्धी नाठी' हा निसर्गनियम असता तर हे घडले नसते.

२६/
२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात ६० वर्षे आणि त्यावरील भारतीयांत हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज निघाला. दोन अभ्यासांची पद्धत आणि वयोगट वेगळे असल्याने आजार तिप्पट झाला, असा अर्थ मात्र काढू नये. याच अभ्यासाचे आणखी दोन निष्कर्ष आपल्या भागासाठी महत्त्वाचे आहेत : प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक.

२७/
१९५० च्या दशकातील त्या ४७ जणांत एकही स्त्री नव्हती, हे इथे आठवावे. मुरबाड-शहापूरच्या पाड्यावर राहणारी, कधी शाळेत न गेलेली आजी संशोधनाच्या नजरेत यायला अर्धे शतक लागले. पाटी-पेन्सिलीच्या जगाबाहेरच्या माणसाची स्मृती तपासायची तर 'आजची तारीख सांगा' हा प्रश्न पुरेसा नसतो. सण कोणता येऊन गेला, भात कधी लावला, घरात कोण कोण आहे, असे प्रश्न विचारावे लागतात.

२८/
अल्झायमरला पूर्ण बरे करणारे औषध अजून नाही. तरीही निदानाने बरेच काही बदलते. बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य यांसारखी दुरुस्त होणारी कारणे वेगळी काढता येतात. रक्तदाब आणि मधुमेह ताब्यात ठेवता येतात. आणि घरच्यांना कळते, की आजी हट्टीपणा करत नाही, ती आजारी आहे. तिच्यावर खेकसणारी सून आणि सुनेवर संशय घेणारी सासू, दोघींच्याही वाट्याला आलेला कडवटपणा या एका जाणिवेने पुष्कळ कमी होऊ शकतो.

२९/
दस्तूर यांनी कोणते औषध शोधले नाही आणि त्यांच्या नावाने कोणता आजार ओळखला जात नाही. शालेय पुस्तकांत त्यांचे नाव सापडणे कठीण. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फक्त एक समजूत मोजून पाहिली आणि ती टिकत नाही असे दाखवले. विज्ञानाच्या इतिहासात अशी कामे फार असतात आणि त्यांच्या आधारावरच पुढची नावे मोठी होतात.

३०/
म्हणी सहज मरत नाहीत आणि त्यांना मारण्याचे कारणही नाही. 'साठी बुद्धी नाठी' थट्टेत खुशाल म्हणावे. पण घरातील वडीलधारे माणूस रोजची वाट चुकू लागले, चुलीवर काय ठेवले ते विसरू लागले, ओळखीची नावे हरवू लागले, तर ती म्हण बाजूला ठेवून त्यांना डॉक्टरांकडे न्यावे. हा धागा अशा एखाद्या घरापर्यंत पोहोचवता आला तर जरूर पोहोचवा.